वडी, द्रोण आणि नळी

जॉन रस्किनचे ‘एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तक १८५७ साली प्रसिद्ध झाले. चित्रकला शिकू पाहणाऱ्या सामान्य माणसाला लिहिलेल्या तीन पत्रांच्या रूपातले हे पुस्तक आहे. त्यातल्या तिसऱ्या पत्रात, रंगांविषयी लिहिताना, रस्किन वाचकाला एक अगदी घरगुती वाटावा असा सल्ला देतो. रंग घ्यायचे ते कडक वड्यांचे घ्यावेत, ओलसर रंग घेऊ नयेत. रोज सकाळी लागेल तेवढा रंग स्वतः उगाळावा, मोठ्या भागावर पसरायच्या रंगांसाठी एक खोल बशी वेगळी ठेवावी आणि संध्याकाळी सारे धुऊन टाकावे. साहित्याचे विद्यार्थी सहसा हे पुस्तक वाचत नाहीत. वाचलेच तर हे पान उलटून पुढे जातात. रस्किनचे समीक्षक म्हणून असलेले महत्त्व ‘मॉडर्न पेंटर्स’मध्ये आणि ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मध्ये शोधायचे, अशी आपली रीत आहे. रंगाची वडी घ्यावी की नळी, हा प्रश्न दुकानदाराचा, समीक्षेचा नव्हे.

प्रस्तुत लेखात मला या रीतीविषयी शंका उपस्थित करायची आहे. रस्किनने हा सल्ला दिला तेव्हा ओलसर रंग बाजारात येऊन बावीस वर्षे झाली होती, आणि नळीतले जलरंग येऊन अकरा. म्हणजे पर्याय नव्हता म्हणून त्याने वडी सांगितली असे नाही. पर्याय समोर असताना त्याने जुन्या, कष्टाच्या आणि वेळखाऊ वस्तूची निवड केली. ही निवड समजून घ्यायची तर आधी या वस्तूंचा इतिहास पाहावा लागतो.

जलरंग म्हणजे मुळात तीन गोष्टी: रंगद्रव्याची पूड, तिला कागदावर धरून ठेवणारा डिंक आणि पाणी. युरोपात हा डिंक आफ्रिकेतल्या बाभळीच्या जातीच्या झाडांचा असे, आपल्याकडच्या लघुचित्रकारांनाही बाभळीचा डिंक परिचयाचा होताच. पूड आणि डिंकाचे पाणी पाट्यावर वरवंट्याने घोटायचे आणि शिंपल्यात काढून ठेवायचे, ही पद्धत युरोपातही होती आणि राजस्थानात, पहाडी मुलुखातही होती. नुसता डिंक वाळला की तडकतो, म्हणून त्यात खडीसाखर किंवा मध घालण्याची युक्तीही जुनीच. एलिझाबेथच्या दरबारातला निकोलस हिलियर्ड शिंपल्यातूनच रंग घेत असे. रंग घोटणे हे उमेदवारी करणाऱ्या पोराचे काम असे. चित्राखाली नाव उस्तादाचे, आणि निळा किती बारीक घोटला गेला ते मात्र त्या पोराच्या मनगटावर ठरायचे. कलेच्या इतिहासात या मनगटांची नोंद सापडत नाही.

हे काम चित्रशाळेतून उचलून कारखान्यात नेले ते लंडनच्या विल्यम आणि टॉमस रीव्ह्ज या भावांनी. त्यांनी घोटलेला रंग साच्यात दाबून, वाळवून, त्याच्या छोट्या चौकोनी वड्या पाडल्या. लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्‌स’ने १७८१ साली या शोधासाठी त्यांना रौप्य रंगपट्टिका देऊन गौरवले. कल्पना तशी सर्वस्वी नवी नव्हती. चिनी शाईची कांडी युरोपला माहीत होती (तिला त्यांनी ‘इंडियन’ नाव देऊन आपल्याला एक फुकटचे श्रेय दिले, ते सोडा). नवे होते ते असे की साऱ्या रंगांचा संच एकसारख्या गुणाच्या वड्यांमध्ये, लाकडी पेटीत, पैसे टाकून मिळू लागला. सहाणेवर चंदन उगाळावे तशी ही वडी बशीत पाण्याबरोबर उगाळायची. कुंचल्याने नुसती चोळून भागत नसे, इतकी ती कडक असे.

याचा परिणाम काय झाला? पहिला परिणाम असा की रंग प्रवासाला निघाले. शिंपले आणि पाटा-वरवंटा घोड्यावर लादता येत नाही, पेटी येते. वुलिचच्या लष्करी विद्यालयात १७६८पासून पॉल सँडबी हा नामांकित जलरंगचित्रकार चित्रकला शिकवत होता. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला भूप्रदेश पाहून तो कागदावर उतरवता आला पाहिजे, ही त्या शिक्षणामागची गरज. पुढे १८०९मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ॲडिस्कोम्बला आपले लष्करी विद्यालय काढले, तिथेही चित्रकला शिकवली जाई. हिंदुस्थानातले किल्ले, घाट, लेणी आणि नद्यांची जी असंख्य जलरंगचित्रे आज ब्रिटनमधल्या संग्रहांत आहेत, ती या शिक्षणाची फळे आहेत. जलरंग हे साम्राज्याच्या नजरेचे माध्यम होते असे आपण अलीकडे म्हणू लागलो आहोत, आणि ते खोटे नाही. परंतु ती नजर खिशात मावेल अशी झाली ती वडीमुळे, हे आपण विसरतो.

पुण्याच्या वाचकाला येथे गंगाराम तांबट आठवल्याशिवाय राहणार नाही. १७९०च्या दशकाच्या प्रारंभी कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी त्याने वेरूळची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा अशी जलरंगचित्रे काढली. वेल्स १७९५ साली वारला. गंगारामाची चित्रे आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. दोन चित्रपरंपरा एका कागदावर भेटल्या तो हा काळ, लंडनमधल्या रौप्यपदकानंतरच्या पहिल्या दशकाच्या आसपासचा.

दुसरा परिणाम दिवाणखान्यातला. रंग घोटण्याचा राडा घरात नको म्हणून जे हात चित्रकलेपासून दूर राहिले असते, ते आता कुंचला धरू लागले. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये नायिका हॅरिएटचे जे पूर्णाकृती चित्र काढते ते जलरंगातलेच. एमाच्या संग्रहात अर्धवट टाकलेली अनेक चित्रे आहेत. कशातच तिचा धीर शेवटपर्यंत टिकत नाही. ऑस्टिनने हा स्वभावदोष म्हणून रंगवला आहे. पण कुठलीही गोष्ट पेटी उघडून सुरू करता आणि पेटी मिटून सोडता येणे, ही सोय त्या समाजात नुकतीच आलेली होती, हेही त्या प्रसंगामागे आहे असे मला वाटते.

आता एक अडचण. साधनांच्या इतिहासावर लिहिणारे अनेकदा असे मांडतात की वडीने लहान, पातळ, नाजूक चित्रे दिली आणि नळीने मोठी, मोकळी, भरघोस. तर्क आकर्षक आहे. वडी उगाळून फार रंग निघत नाही. नळी दाबली की हवा तेवढा निघतो. तेव्हा चित्राचा आकार आणि धाडस नळीबरोबर वाढले असणार. मात्र सनावळी या तर्काच्या विरुद्ध साक्ष देते. टॉमस गर्टिनचे ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ १८०० सालचे. कॉटमनचे ‘ग्रेटा ब्रिज’ १८०५च्या सुमाराचे. सपाट, विस्तीर्ण, एका दमात घातलेल्या रंगाचे याहून मोठे धाडस इंग्रजी जलरंगात पुढे क्वचितच झाले. जलरंगचित्रकारांनी आपली स्वतंत्र संस्था १८०४मध्ये काढली, १८०५मध्ये पहिले प्रदर्शन भरवले आणि तैलचित्रांशी बरोबरी सांगणारी मोठी चित्रे सोनेरी चौकटीत बसवून भिंतीवर टांगली. नळी यायला त्यानंतर आणखी चाळीस वर्षे होती. हे सारे कडक वड्यांतून उगाळलेल्या रंगावर झाले. साधन शैली घडवते असे म्हणताना निदान साधन आधी आले होते की शैली, एवढे तरी तपासले पाहिजे. साहित्याच्या इतिहासात मुद्रणयंत्र, नियतकालिक किंवा टंकलेखनयंत्र यांच्याविषयी आपण करतो ती विधाने याच चुकीला बळी पडतात.

मग ओलसर रंगांनी बदलले काय? विल्यम विन्सर आणि हेन्री न्यूटन यांनी लंडनच्या रॅथबोन प्लेसमध्ये १८३२ साली दुकान काढले. १८३५मध्ये त्यांनी रंगात ग्लिसरीन घातले. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे रंग दगडासारखा होत नाही. ओला कुंचला टेकवला की सुटतो. असा रंग चिनी मातीच्या चिमुकल्या द्रोणांत भरून पत्र्याच्या पेटीत बसवला जाई. आपण ज्याला आज ‘पॅन’ म्हणतो तो हाच द्रोण. उगाळणे संपले. अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड याने १८४१ साली तैलरंगासाठी धातूच्या चेपता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. तोवर तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून विकत. त्याच नळीत विन्सर आणि न्यूटन यांनी १८४६मध्ये जलरंग भरले.

माझ्या मते या काळातली खरी उलथापालथ नळीने केली नाही, पांढऱ्या रंगाने केली. याच दुकानाने १८३४मध्ये जस्ताच्या भस्मापासून केलेला ‘चायनीज व्हाइट’ आणला. जलरंगात तोवर पांढरा म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे रंग घालायचा नाही, ही या माध्यमाची शिस्त. चूक झाली की मागे फिरता येत नाही ही तिची किंमत. न काळवंडणारा, दाट पांढरा हाती आला आणि ही किंमत भरण्याची सक्ती उरली नाही. पक्ष्यांच्या घरट्यांची चित्रे काढणारा विल्यम हेन्री हंट पांढऱ्याचा थर देऊन त्यावर रंग चढवू लागला, जॉन फ्रेडरिक लुइसने कैरोचे जाळीदार उजेड दाट रंगात विणले. विशेष म्हणजे जुन्या वडीचा पुरस्कर्ता रस्किन या पांढऱ्याच्या मात्र विरोधात नव्हता. उजेडाचे बिंदू दाखवायला तो वापरावा असेच तो सांगतो. तेव्हा वडीविषयीचा त्याचा आग्रह केवळ जुन्याचा मोह म्हणून बाजूला सारता येत नाही.

त्याचे स्वतःचे स्पष्टीकरण शुद्धतेचे आहे. ओलसर रंग एकमेकांत मिसळून मळतात, धूळ धरतात. रोज ताजा उगाळलेला रंग स्वच्छ राहतो आणि माणसाला टापटिपीची सवय लागते. पण लगेच, काहीशा खिन्नपणे, तो कबूल करतो की आधुनिक काळातले दोन सर्वश्रेष्ठ रंगप्रभू, टर्नर आणि रॉसेटी, या बाबतीत कमालीचे अव्यवस्थित आहेत. टर्नरचे रंग पुढे बदलले त्याचे कारणही तो या अव्यवस्थेतच शोधतो. विन्सरने न टिकणाऱ्या रंगांविषयी टर्नरला टोकले तेव्हा आपापला धंदा सांभाळावा असे उत्तर टर्नरने दिले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, रस्किनला यातना कशाच्या होत असतील ते समजते. पुस्तक बाहेर पडल्यावर लवकरच, १८५७च्या शेवटी आणि १८५८मध्ये, तो नॅशनल गॅलरीच्या तळघरात टर्नरच्या मृत्युपत्राने आलेले हजारो कागद लावीत बसला. काहींवर बुरशी होती, काहींना उंदीर लागले होते.

इतके असूनही केवळ स्वच्छतेने हा आग्रह उलगडत नाही. हे पुस्तक ज्या शिकवण्यातून निघाले ते लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजमधले होते. दिवसभर काम करून संध्याकाळी येणाऱ्या कारागिरांना रस्किन १८५४पासून तिथे रेखाटन शिकवत होता. त्या कॉलेजच्या उद्घाटनाच्या वेळी ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मधले गॉथिकच्या स्वरूपावरचे प्रकरण पुस्तिकेच्या रूपात वाटले गेले होते. त्या प्रकरणाचा गाभा आपल्याला ठाऊक आहे: कामाचे तुकडे झाले की माणसाचेही तुकडे होतात. ज्याने हे लिहिले त्यानेच आपल्या विद्यार्थ्याला रोज सकाळी रंग उगाळायला सांगावे, यात मला संगती दिसते. रंग ज्याने लावायचा त्यानेच तो तयारही करावा. हाताला तयारीचा आणि निर्मितीचा दोन्हींचा भार कळावा. पुढे १८६०मध्ये ‘अन्टू धिस लास्ट’ लिहिणारा आणि १९०४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या आगगाडीत गांधींना झोपू न देणारा रस्किन या बशीच्या सल्ल्यात आधीच आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

या वाचनाला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. वडी ही स्वतःच कारखान्यातली वस्तू. तिच्यासाठी रंगद्रव्य घोटणारे, साचे दाबणारे कामगार होतेच. रीव्ह्ज बंधूंच्या शोधाचा सारा अर्थच चित्रकाराच्या हातून घोटण्याचे काम काढून घेण्यात होता. रस्किन जिथे श्रमाची अखंडता पाहतो तिथे ती सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच भंगलेली होती. त्याच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले ते मूळ श्रमाचे उरलेले टोक: सकाळची पाच-दहा मिनिटे. श्रमाच्या प्रतिष्ठेविषयीचे आपले पुष्कळसे लेखन अशाच टोकाला संपूर्ण दोरी समजून चालते.

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ १८४७ची, म्हणजे नळीच्या पाठोपाठची. कथेतला काळ मात्र काही दशके आधीचा, वडीचा. रॉचेस्टर तिची तीन विलक्षण जलरंगचित्रे न्याहाळतो तो प्रसंग सर्वांना आठवतो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो सोळाव्या प्रकरणातला. आपल्याला रॉचेस्टर आवडतो याची शिक्षा म्हणून जेन दोन चित्रे काढायचे ठरवते. स्वतःचे खडूने, कोणताही दोष न झाकता. आणि प्रतिस्पर्धी ब्लांशचे हस्तिदंतावर, उत्तमोत्तम रंग कालवून, तलम कुंचल्यांनी. पहिल्याला तास-दोन तास लागतात, दुसऱ्याला जवळजवळ पंधरवडा. आपण हा प्रसंग आत्मपीडेचा म्हणून शिकवतो. तो साधनांच्या उतरंडीचाही आहे. खडू हे गरिबाचे आणि घाईचे साधन. कालवलेला रंग सवडीचा आणि श्रीमंतीचा. स्वतःला कोणते साधन द्यायचे हे जेनने ठरवले, त्या निवडीतच तिने स्वतःची सामाजिक जागा लिहून टाकली आहे. (त्या कुंचल्यांना इंग्रजीत उंटाच्या केसांचे म्हणतात, प्रत्यक्षात ते बहुधा खारीच्या केसांचे असतात.)

रंग टिकतात की नाही हा वाद १८८६मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांतून पेटला. संग्रहालयात टांगलेली जलरंगचित्रे उजेडाने विटत आहेत असा आरोप झाला. सरकारने रसेल आणि कॅप्टन ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांना तपास सांगितला. त्यांचा अहवाल १८८८मध्ये आला. अनेक रंग उजेडात खरोखरच उडतात, मात्र हवा आणि ओलावा काढून टाकला तर त्यांतले बहुतेक टिकतात, असे त्यांना आढळले. १८९२मध्ये विन्सर आणि न्यूटन यांनी आपल्या रंगांतले घटक आणि त्यांचा टिकाऊपणा छापून जाहीर केला. रंग विटण्याचे मूळ रंगद्रव्यातच होते. टर्नरचे किरमिजी उडाले असतील तर दोष त्याच्या मळक्या पेटीचा नसून त्याने निवडलेल्या किरमिजीचा होता. रस्किनचे निदान येथे चुकले.

आपल्याकडे हा सारा इतिहास जणू एकदमच आला. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले तेव्हा विलायती पेट्यांत वडी, द्रोण आणि नळी तिन्ही एकाच वेळी हजर होत्या. त्यामुळे एकामागून एक आलेल्या साधनांशी झुंजत शैली बदलत गेली, असा आपल्या जलरंगाचा इतिहास लिहिता येत नाही. आबालाल रहिमानपासून सा. ल. हळदणकरांपर्यंतचा इतिहास निवडीचा आहे. हळदणकरांचे हातात समई घेतलेल्या मुलीचे चित्र, १९४५-४६च्या सुमाराचे, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पाहणारे पुष्कळदा ते तैलरंगातले समजतात आणि त्याहून अधिक वेळा रविवर्म्याचे समजतात. ते जलरंगातले आहे. दाट पांढऱ्याच्या आधाराशिवाय अंधार किती खोल नेता येतो हे पाहायचे असेल तर हे चित्र पाहावे.

१९३१मध्ये दि. प. दांडेकरांनी शाईचा व्यवसाय सुरू केला; त्यातून वाढलेल्या कॅम्लिनने १९६०च्या दशकात चित्रकलेचे रंग आणले आणि निवड मध्यमवर्गीय घरात पोचली. माझ्या पिढीच्या दप्तरात गोल वड्यांची पत्र्याची पेटी असे. झाकणाच्या आत एक बारीक कुंचला, आणि निळ्या वडीच्या मधोमध, सारी मुले आकाशच रंगवत असल्याने, पडलेला खड्डा. इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसताना चित्रकलेच्या सरांनी सांगितले, वड्या बंद, आता ट्यूब घ्या. बढती मिळाल्यासारखे वाटले होते. पहिल्या दिवशी सहाही नळ्या भराभर दाबल्या, आणि दुपारपर्यंत सगळा रंग पट्टिकेवर वाळून बसला. त्या वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब टाकून सर शांतपणे म्हणाले, “हीच वडी. उगाळ.”

गेल्या पावसाळ्यात मधाचा अंश असलेले फ्रेंच रंग कोणीतरी भेट दिले. ते पॅरिसच्या हवेसाठी उत्तम असावेत. कोकणात आषाढात ते वाळायचे नावच घेत नाहीत, आणि श्रावणात त्यांवर बुरशी आली. नळीतला रंग द्रोणात ओतून वाळवावा तर चैत्रात तो तडकून सुटतो आणि पेटीत खुळखुळतो. सध्या मी दोन्ही ठेवतो.

टर्नरने प्रवासात वापरलेली एक रंगपेटी अजून जपून ठेवलेली आहे. पेटी म्हणजे काय, जुन्या पंचांगवजा पुस्तकाची पाने काढून टाकलेली चामडी पाठ. आत रंगांच्या वड्या नुसत्या चिकटवलेल्या. वड्या वापरून अर्ध्यामुर्ध्या झालेल्या आहेत, रंग एकमेकांत गेलेले आहेत. चामड्याला मधोमध घडी आहे, खिशात घालताना पडते तशी.